प्रश्न सतरावा, पर्याय क

तिसरीचा निकाल लागला. शाळेला सहाशे गुण हवे होते, पाचशे नव्व्याण्णव मिळाले, आणि शाळा एका गुणाने लाल यादीत जाऊन बसली.

आता हे झालंच नाही असं धरायचं. शाळेत सगळ्यांनी तसंच धरलं होतं. निकालाचं पत्र आलं तेव्हा हेडसरांनी ते उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली, ड्रॉवरमध्ये ठेवलं, ड्रॉवरला कुलूप लावलं आणि शिपाईमामांना म्हणाले, "आज टपाल आलं नाही."

मामा म्हणाले, "आत्ता मीच आणून दिलं की."

"मामा, आज टपाल आलं नाही."

मामांनी विचार केला. "मग मी जिना चढलो कशाला?" म्हणाले, आणि खाली जाऊन घंटा दिली. मधल्या सुट्टीला अजून वीस मिनिटं होती, पण टपाल न आलेल्या दिवशी घंटा तरी कुणाचं ऐकणार?

तेव्हा निकाल लागलेला नाही. गुरुवार आहे, चाचणीचा दिवस आहे, आणि सगळ्यांची सगळी आशा जागच्या जागी आहे.

चाचणी वाचनाची आणि गणिताची. सगळीकडच्या सगळ्या तिसऱ्या एकाच दिवशी, एकाच वेळी, एकच पेपर सोडवतात. वीस प्रश्न वाचनाचे, वीस गणिताचे, प्रत्येकाला चार पर्याय, प्रत्येक पर्यायाला एक गोल. बरोबर वाटेल तो गोल काळ्या पेनाने भरायचा. उत्तरपत्रिका वरच्या कार्यालयातून येतात, पटावरच्या प्रत्येक पोराचं नाव छापून, मोजून. परत जातात त्याही मोजून. वर्गाची सरासरी चाळीसपैकी चोवीस आली की शाळा हिरव्या यादीत, नाही आली की लाल. वरचं कार्यालय नक्की कुठे आहे हे शाळेत कुणी पाहिलेलं नव्हतं, पण तिथून सगळं खालीच यायचं, म्हणून ते वर आहे याबद्दल एकमत होतं.

तिसरीच्या पटावर पंचवीस मुलं. वर्गात चोवीस. पंचविसावी ती वकीलबाई.

हे नाव तिला वर्गाने दिलं होतं, कारण कुठलीही गोष्ट ऐकली की ती आधी "पण बाई" म्हणायची. पाणी तापलं की उकळतं. पण बाई, घाई असेल तर? माणसाला दोन डोळे असतात. पण बाई, तिसरा कुठे बसवला असता? बाईंच्या सतरा वर्षांच्या नोकरीत त्यांचं डोकं एवढं कुणी खाल्लं नव्हतं, आणि आता डोकं शाबूत राहायला लागल्यापासून ते त्यांना जड झालं होतं.

वकीलबाईचा बाप वेल्डर. शाळेमागे पूल होत होता, त्यावर तो कामाला होता. पूल झाला तसा बाप पुढच्या पुलावर गेला आणि बापापाठोपाठ आई, दोन ट्रंका आणि वकीलबाई. शाळा सोडल्याचा दाखला मागायला कुणी आलं नाही. शेवटच्या शुक्रवारी पोरीने विचारलं होतं, "बाई, सोमवारी वजाबाकी आहे ना? मग मी मंगळवारी येते." तेव्हापासून सहा मंगळवार येऊन गेले. सहाही मंगळवार वेळेवर आले.

दाखला नेला नाही म्हणून नाव पटावर होतं. पण सलग तीस दिवस गैरहजर असलेल्याचं नाव कमी करायचं, असा नियम आहे. म्हणून बाई तिला गैरहजर लावतच नव्हत्या. हजरही लावत नव्हत्या, कारण बाई हजेरीत खोटं लिहीत नसत. त्या तिच्या नावापुढे रोज एक टिंब देत. हजेरी तपासताना हेडसरांचं बोट एकदा तिथे अडलं.

"हे टिंब काय आहे, बाई?"

"टिंबच आहे, सर."

"हजर का गैरहजर?"

"अजून ठरत नाहीये, सर."

हेडसरांनी चष्मा कपाळावर चढवून टिंब पाहिलं. "जरा लहान द्या," म्हणाले, आणि सही केली.

वर्गात नाव पुकारलं की चोवीस मुलं एका सुरात म्हणायची, "येतेय, बाई!" त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. पाढे शिकवून येत नव्हते, हे न शिकवता आलं.

घरी तर बाईंनी बातमीच दिली नव्हती. घरात तिघं: बाई, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारा नवरा, आणि गुडघ्यांमुळे खिडकीपाशी बसून जग चालवणाऱ्या सासूबाई. सासूबाई रोज संध्याकाळी सहाच्या चहाला विचारायच्या, "काय म्हणाली आज तुझी वकीलबाई?" वर्षभराचा रिवाज. पोर गेली त्या आठवड्यात बाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं ते असं, "आज म्हणाली, बाई, शून्य जर काहीच नाही तर त्याला एवढी मोठी जागा का देता?" सासूबाई हसल्या. झालं. तोंडाला चटक लागली. त्यानंतर बाई रोज येताना वाटेत एक वाक्य तयार करायच्या. चौकातल्या सिग्नलला सुरुवात, औषधांच्या दुकानापाशी पक्कं, जिन्यात एकदा उजळणी. पूल संपल्याची बातमी नवऱ्यानेच दुकानातून आणली होती, त्यामुळे त्याला सगळं ठाऊक होतं. पण तो चहात बिस्किट बुडवून ते कधी तुटतंय याकडे लक्ष ठेवून असायचा. भिंगं घासणाऱ्या माणसाला कुठे स्पष्ट पाहायचं नाही हे बरोबर कळतं.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मात्र सासूबाई कप खाली ठेवून म्हणाल्या, "सूनबाई, राग मानू नकोस. तुझी वकीलबाई हल्ली पहिल्यासारखी राहिली नाही."

"म्हणजे?"

"गुणी झालीय गं. तुझ्यासारखी बोलायला लागलीय."

बाईंच्या चहावर साय धरली तरी कप तोंडाला लागला नाही.

गुरुवारी चाचणी झाली. मुलं पेनाची शाई नाकाला लावून घरी गेली. हेडसरांनी दार लावून तिसरीचा पेपर स्वतः सोडवला, म्हणजे पोरांचे गुण काढता येतील. पडताळा म्हणून मामांनाही सोडवायला बसवलं. दोघांची सहा उत्तरं जुळेनात. हेडसर म्हणाले माझं बरोबर, मामा म्हणाले शपथेवर सांगतो. शेवटी चौथीतल्या एका पोरीला बोलावून निवाडा घेतला. तीनमध्ये मामा जिंकले. त्यानंतर चोवीस पत्रिका तपासून, साडेतीन वाजता हेडसरांनी बाईंना बोलावलं.

त्यांच्या खोलीत भिंतीवर एक रिकामी फ्रेम होती. हिरव्या यादीतल्या शाळेला प्रमाणपत्र मिळतं. हेडसर आठ महिन्यांनी निवृत्त होणार होते. फ्रेम त्यांनी तीन वर्षांपूर्वीच आणून टांगली होती. रोज काच पुसून ते आत बघायचे. आत भिंत असायची.

"पाचशे अठ्ठ्याहत्तर," हेडसर म्हणाले. "चोवीस पोरांचे. भागिले चोवीस केलं तर पास. भागिले पंचवीस केलं तर नापास. बाई, जी आहेत ती सगळी मिळून पास झालीत. जी नाही ती नापास करतेय."

"गैरहजर असलं तर शून्य धरतात?"

"धरतात म्हणजे, आनंदाने धरतात." त्यांनी हजेरी पुढे सरकवली. "नाव कमी करू. मागच्या तारखेने. इथे एक सही."

"नाही, सर."

"का?"

"परत आली तर?"

"आली तर बसू दे की! बाक कुठे पळालंय?"

"बसेल हो. नाव पुकारल्यावर काय करेल? कुणाच्या नावाला ओ देईल?"

हेडसरांनी फ्रेमकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी ड्रॉवरमधून पंचविसावी पत्रिका काढली. कोरी. वर पोरीचं नाव, चाळीस ओळी, एकशे साठ गोल, सगळे उघड्या तोंडाचे.

"पाचला पत्रिका न्यायला गाडी येते," ते म्हणाले. "मी आणि मामा गच्चीवर पूल बघायला जातोय. मला पुलांची आवड आहे. बावीस गुण कमी पडतायत, बाई. सतरा वर्षं तिसरी शिकवताय, चाळीसपैकी बावीस पडतील तुम्हाला." दारात थांबून त्यांनी खालच्या आवाजात जोडलं, "आणि लाल यादीत गेलो, तर वरून पटपडताळणी येते. तुमची टिंबं मोजायला. नाव तेव्हाही जाणारच आहे. माझ्या फ्रेमचं सोडा, तुमच्या टिंबाचं बघा."

बाई पत्रिका घेऊन तिसरीच्या वर्गात गेल्या. खुर्चीवर नाही, खिडकीच्या रांगेत दुसऱ्या, वकीलबाईच्या बाकावर बसल्या. गुडघे बाकात मावेनात, तर आडवे करून बसल्या. पेनाचं टोपण काढलं.

बरोबर उत्तरं त्यांना पाठ होती. पहिल्या प्रश्नाचा (ब). हात गोलावर नेला आणि थांबला. हे तिला आलं असतं का? हो, आलं असतं. जोडाक्षरं ती अशी वाचायची की अक्षरांनाच धाप लागायची. भरला (ब). दुसरा, आलं असतं. तिसरा... तिसऱ्यात विरुद्धार्थी शब्द होता. वकीलबाईचं म्हणणं होतं की कशाच्याच विरुद्ध काही नसतं, नुसतं लांब असतं. बाईंनी तिसरा चुकवला.

चुकवला आणि त्यांना इतकं बरं वाटलं की आसपास कुणी नाही ना हे त्यांनी पाहून घेतलं. एक्केचाळीस दिवसांत पहिल्यांदा पोर बोलली होती.

मग थांबायचं कशाला? गणितात घड्याळाचे तिन्ही प्रश्न बरोबर, कारण बापाची पाळी कधी सुटते यावरून ती मिनिटं मोजायला शिकली होती. मोजपट्टीचे दोन्ही बरोबर, घरात लोखंडच मोजलं जायचं. उसना दशक घ्यायच्या वजाबाक्या पाचच्या पाच चूक. "उसना घेतला, पण बाई, परत कधी द्यायचा ते पुस्तकात नाही," असं म्हणून ती पेन्सिल खाली ठेवायची. 'झाडावर पंधरा पक्षी होते, सहा उडाले, किती उरले?' याला बाईंनी बेधडक पंधरा भरलं. संध्याकाळी परत येतात ते, बाई. तुम्ही फार लवकर मोजता.

असं करत, हसत, एकदा चक्क मोठ्याने "अगं, असं कसं?" म्हणत, बाईंनी एकोणचाळीस गोल भरले. एकच ठेवला होता मागे. सतरावा.

सतराव्याच्या वर दोन ओळींचा उतारा होता. 'संध्याकाळ झाली होती. आई अजून कामावरून आली नव्हती. मुलगी दारात उभी होती.' प्रश्न: मुलगी दारात का उभी होती? (अ) तिला ऊन हवे होते. (ब) ती आईची वाट पाहत होती. (क) दार मोडके होते. (ड) तिला शाळेत जायचे होते.

बाईंनी बरोबर आलेले मोजले. एकवीस. दोनदा मोजले, खालून वर मोजले. एकवीसच. (ब) भरला की बावीस, सहाशे, हिरवी यादी. नाव पटावर, टिंब सुखरूप, हेडसरांच्या भिंतीला पोशाख.

आणि (ब) त्यांना भरायचा होता. अगदी मनापासून. एक्केचाळीस दिवस जी गोष्ट त्या स्वतः दारात, खिडकीत, सिग्नलला उभ्या राहून करत होत्या, ती कुणीतरी छापून पुढे ठेवली होती आणि वर एक गुण देऊ करत होतं.

पण घर त्यांनी पाहिलेलं होतं. पटनोंदणीला त्या पुलाशेजारच्या पत्र्याच्या खोल्यांत गेल्या होत्या. वकीलबाईच्या खोलीचं दार एका बिजागरीवर होतं. कुणी धरलं नाही की अंगावर यायचं. अर्धा तास बाई आत बसून आईशी बोलत होत्या आणि अर्धा तास पोर दाराला पाठ लावून, दोन्ही हातांत पुस्तक धरून, धडा वाचत उभी होती. बाई म्हणाल्या, "अगं, ये की आत, बस." तर ती मान वर न करता म्हणाली, "तुम्ही बसा, बाई. मी दार आहे."

मुलगी दारात का उभी होती? तिला विचारलं असतं तर तिने उत्तराला वेळही लावला नसता.

बाईंनी पेन (ब)वर नेलं. (ब) भरला असता तर उत्तर बाईंचं होतं. काल सासूबाई म्हणाल्या तेच. गुणी झालेली, बाईंसारखी बोलणारी एक पोर पटावर राहिली असती, तिच्या नावाला रोज टिंब पडलं असतं, चोवीस मुलांनी रोज "येतेय" म्हटलं असतं, आणि येणारी कोण आहे हे हळूहळू बाईंनाच आठवलं नसतं.

"बाई, गाडी आली," मामा दारात येऊन म्हणाले. "पूल पाहून झाला. होता तिथेच आहे."

"मामा, तुमच्या घरचं दार मोडलं तर काय कराल?"

"सुताराला बोलवीन."

"आणि सुतार येईपर्यंत?"

"धरून उभा राहीन, दुसरं काय? या शाळेत चाळीस वर्षं तेच करतोय."

बाईंनी (क) भरला. कडेकडेने, जराही कोर न सोडता. मग पत्रिका मामांच्या हातात दिली आणि बाकातून पाय सोडवायला त्यांना दोन मिनिटं लागली.

त्या संध्याकाळी वाटेत त्यांनी वाक्य तयार केलं नाही. सिग्नल हिरवाच होता.

"काय म्हणाली वकीलबाई?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणाली, तुम्ही बसा बाई, मी दार आहे."

सासूबाई खुदकन हसल्या, मग इतक्या हसल्या की गुडघा धरून बसल्या. "आता कशी बोलली! ही खरी!"

"आई," बाई म्हणाल्या, "ती गेली. सहा आठवडे होत आले."

"ठाऊक आहे. हा सांगून बसलाय मला केव्हाच." नवऱ्याचं बिस्किट कपात तुटलं.

"मग रोज विचारत कशाला होतात?"

"तू सांगत होतीस म्हणून."

यानंतर निकाल लागला. आता तो लागला असं धरायला हरकत नाही, कारण आठ दिवसांनी हेडसरांनाच ड्रॉवरमधून स्टेपलर हवा झाला. त्यांनी बाईंना बोलावून पत्र दाखवलं. पंचविसाव्या नावापुढे एकवीस गुण होते.

"बाई," हेडसर फार शांतपणे म्हणाले, "प्रश्न तुमच्यापुढे होते. उत्तरं तुम्हाला पाठ होती. बघायला कुणी नव्हतं. कॉपी करून नापास झालेली ही जगातली पहिली शाळा असेल."

"मी कॉपी नाही केली, सर. मी तिचाच पेपर लिहिला."

"थोडा बरा नसता का लिहिला तिने? एका गुणाने?"

"नसता, सर."

हेडसरांनी तिच्या ओळीवर बोट ठेवलं. "एकवीस," ते स्वतःशीच म्हणाले. "न येता एकवीस. आमच्यात येऊन अकरा घेणारे आहेत." आणि त्यांनी चष्मा पुसला, पुष्कळ वेळ पुसला.

पुढच्या आठवड्यात पटपडताळणीला एक तरुण साहेब आले. त्यांनी टिंबं पाहिली, नियमांचं पुस्तक चाळलं, "टिंब यात नाही," म्हणाले, आणि पट्टी लावून लाल शाईने नावावर सरळ रेघ मारली. फार सुरेख रेघ होती. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना बाई चोविसाव्या नावानंतर थांबल्या. पुढे पुकारायला काही नव्हतं. वर्ग तरीही म्हणाला, "येतेय, बाई!" आणि बाईंनी हजेरी मिटली, कारण त्याची नोंद कुठे करायची याला रकाना नव्हता.

निकालाबद्दल तक्रार असल्यास फेरतपासणीचा अर्ज करता येतो. छापील नमुना असतो, एका वेळी एकाच प्रश्नाबद्दल. मुदतीच्या शेवटच्या दिवशी बाईंनी तो भरला. कारणांसाठी तीन ओळी होत्या, त्या पुरल्या नाहीत, म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. हेडसरांनी वाचलं आणि शिक्का मारला. मामांनी तो जिना उतरून वर पाठवला. अर्ज असा होता:

'महोदय, विषय: प्रश्न क्रमांक १७. उपरोक्त प्रश्नास आमच्या विद्यार्थिनीने पर्याय (क) निवडला असून आपण तो चुकीचा धरला आहे. सदर उत्तर तिच्या माहितीप्रमाणे बरोबर आहे. दार मी स्वतः पाहिले आहे. तरी एक गुण देण्यात यावा. आपणांस शंका असल्यास विद्यार्थिनीस शोधून समक्ष विचारण्यात यावे. ती बहुधा एखाद्या अर्धवट पुलाजवळ आढळेल. पूल पूर्ण होण्यापूर्वी जावे. तपासणी झाल्यानंतर विद्यार्थिनी मूळ स्वरूपात, कोणताही बदल न करता, या शाळेस परत करण्यात यावी, ही नम्र विनंती.'